लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला

युरोपातून शिडाच्या नौकेने कॅरिबियन बेटांकडे निघणाऱ्यांना एक जुने सूत्र तोंडपाठ असते: लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जायचे आणि मग पश्चिमेला वळायचे. हवामानाचे अंदाज उपग्रहावरून मिळू लागण्याच्या कितीतरी आधीचे हे सूत्र आजही कामाला येते, कारण कॅनरी बेटांच्या थेट पश्चिमेला वाऱ्याचा भरवसा नसतो. साधारण वीस अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे केप व्हर्देच्या बाजूला उतरले, की ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे सापडतात आणि तेच नौकेला पाठीमागून ढकलत वेस्ट इंडीजपर्यंत नेतात. कोलंबसाने १४९२ च्या सप्टेंबरात कॅनरीमधील ला गोमेरा हे बेट सोडले, तेव्हा त्यालाही याच वाऱ्यांनी साथ दिली होती. आमचा मार्ग ग्रान कॅनेरियावरील लास पाल्मासपासून सेंट लुशियापर्यंतचा होता. हे अंतर सुमारे २७०० सागरी मैल आहे आणि दक्षिणेचा वळसा धरला तर त्याहून थोडे अधिक.

नौका बारा मीटर लांबीची, एका डच दांपत्याची होती. स्किपर, म्हणजे नौकेची कप्तान, पत्नी होती. पती इंजिन, वीज आणि अर्धा स्वयंपाक सांभाळत असे. तिसरा एक आयरिश सुतार होता आणि खलाशी म्हणून मी. माझे बालपण हर्णैला गेले असले तरी शिडाची नौका चालवायला मी शिकले ती नेदरलँड्समध्ये, नोकरीच्या निमित्ताने तिकडे राहायला गेल्यावर. हर्णैच्या बंदरात समुद्र पाहिलेला असणे आणि समुद्रावर आठवडेच्या आठवडे राहणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे मला ठाऊक होते. परत आल्यावर ज्याने त्याने विचारले ते मात्र एकच: वादळ लागले का? खरे सांगायचे तर लागले नाही. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि म्हणूनच बहुतेक नौका नोव्हेंबरच्या शेवटी निघतात. या प्रवासातले जे माझ्या मनात ठसून राहिले आहे, ते जवळजवळ सगळे पहाऱ्यावर असताना, कशाकडे तरी लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे होते म्हणून दिसलेले आहे.

तयारीचा भाग थोडक्यात सांगते. पुठ्ठ्याचा एकही खोका नौकेवर येऊ द्यायचा नाही, कारण त्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी असू शकतात. त्यामुळे सगळा किराणा धक्क्यावरच खोक्यांतून काढून पिशव्यांत भरला. फळे आणि भाज्या धुऊन, पुसून, कोरड्या करून जाळ्यांत टांगल्या. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेली विकत घ्यायची आणि रोज उलटी करायची, म्हणजे ती बरेच दिवस टिकतात. कोबी, कांदे, बटाटे आणि भोपळा यांच्यावर शेवटच्या आठवड्याची भिस्त होती. केळ्यांचा एक अख्खा हिरवा घड पिछाडीच्या कमानीला टांगला होता आणि अनुभवी मंडळींनी सांगितले होते तसेच झाले: तो कित्येक दिवस हिरवाच राहिला आणि मग एका दमात सगळा पिकला. त्यानंतर केळ्याचा केक, केळ्याचे धिरडे आणि माझ्या वाट्याला आलेल्या दिवशी शिकरण. वेलची घातलेले शिकरण डच पतीला इतके आवडले, की घड संपल्याची खंत नौकेवर फक्त त्यालाच वाटली.

निघाल्यानंतरचे पहिले काही दिवस सुखाचे नव्हते. कॅनरी बेटे ज्वालामुखीची आणि उंच आहेत. त्यांच्या मधल्या फटींतून वारा चेपला गेला, की त्याचा वेग एकाएकी दहा-पंधरा नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाढतो. हा पट्टा नकाशावर दाखवलेला असतो आणि तरीही तो अंगावर यायचा तसाच येतो. लाटा आखूड आणि आडव्यातिडव्या, पोटात काही ठरत नाही, झोप नाही. स्किपरने त्या काळात कोणाकडूनही पहाऱ्याशिवाय काही काम करून घेतले नाही आणि सुके पाव, आले आणि पाणी एवढ्यावर सगळ्यांना राहू दिले. बेटे मागे पडली, अटलांटिकची लांब, एकसारखी लाट सुरू झाली आणि शरीर हळूहळू सरावले. लोण्याची वाटी स्वयंपाकघराच्या फळीवर मुद्दाम ठेवलेली होती. ज्या सकाळी सुरी न लावताच लोणी पावावर पसरले, त्या सकाळी स्किपरने हवामानाचा अंदाज पुन्हा एकदा पाहिला आणि दुपारी आम्ही पश्चिमेला वळलो. अंदाज आणि लोणी यांचे त्या दिवशी एकमत होते.

वारा थेट पाठीमागून असला, की नौका चालवणे सोपे असेल असे किनाऱ्यावर वाटते. प्रत्यक्षात पुढचे मोठे शीड एका बाजूला लांब दांड्याने ताणून धरायचे, मुख्य शीड दुसऱ्या बाजूला पूर्ण सोडायचे आणि मुख्य शिडाखालची बूम, म्हणजे आडवी दांडी, अचानक उलट बाजूला फेकली जाऊ नये म्हणून तिला पुढे नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, एका दोराने जखडून ठेवायचे, अशी ही मांडणी असते. ती एकदा जमली, की अनेक दिवस तशीच राहते. मात्र नौकेला आधार देणारा बाजूचा वारा नसल्यामुळे ती सतत दोन्हीकडे डोलते आणि प्रत्येक डोलण्यासरशी प्रत्येक दोर कुठे ना कुठे घासतो. एवढ्या लांबच्या प्रवासात नौकांचे नुकसान वादळापेक्षा या घासण्याने अधिक होते, असे माझे मत झाले आहे. रोज सकाळी नाळेपासून पिछाडीपर्यंत हिंडून प्रत्येक दोर, प्रत्येक कप्पी, प्रत्येक पिन हाताने तपासायची, हा नियम होता. एका सकाळी दांड्याच्या टोकातून जाणाऱ्या दोराला मी बोट लावले, तेव्हा त्याचे निळे आवरण वीतभर लांबीत फाटून पिंजले गेले होते आणि आतले पांढरे तंतू दिसत होते. आदल्या सकाळी तो दोर धडधाकट होता. स्किपरने तो काढून टोक बदलून घेतला आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही तो चार बोटे पुढे सरकवू लागलो, म्हणजे घासणारी जागा रोज नवी येईल. हे सरकवणे इतके क्षुल्लक काम होते, की ते करताना कोणी बोलतही नसे. पण सूर्यास्ताआधी ते झाले नाही असे एकदाही घडले नाही.

रात्रीचे बारा तास चौघांत वाटलेले होते, प्रत्येकी तीन तास. माझा पहारा दोन ते पाच. घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर होते आणि आम्ही पश्चिमेला जात होतो. दर पंधरा रेखांशांना सूर्य तासभर उशिरा उगवतो, त्यामुळे सुरुवातीला माझा पहारा पहाटेचा होता आणि प्रवास निम्मा होईपर्यंत तो सरकत सरकत मध्यरात्रीचा झाला. सुकाणू वाऱ्याच्या पात्याला जोडलेले असल्यामुळे ते हातात धरून बसावे लागत नसे. काम होते ते बघण्याचे. जीवनरक्षक जाकीट घालून त्याचा पट्टा कॉकपिटमधल्या, म्हणजे डेकवरच्या उघड्या बैठकीतल्या, कडीत अडकवल्याशिवाय जिना चढून बाहेर यायचे नाही आणि दुसरे कोणी जागे नसताना कॉकपिट सोडून पुढे जायचे नाही, हे दोन नियम स्किपरने कधीही सैल केले नाहीत. दर दहा मिनिटांनी क्षितिजावर चौफेर नजर फिरवायची. दर तासाला वहीत स्थान, दिशा, वेग, वारा आणि हवेचा दाब लिहायचा. वायुभारमापकाची गंमत मला तिथे कळली. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा थोडा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत वर. हे चढउतार इतके नियमित असतात, की वहीतील आकडे पाहून वेळ सांगता यावी. काळजी करायची ती दाबाने हा ठेका सोडला तर. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा ते वृत्त मी अभिमानाने वाचले होते; पण एकटा माणूस झोपतो कधी, हा प्रश्न मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने पडला तो दोन ते पाचच्या या पहाऱ्यावर.

आकाशाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ध्रुव तारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितका आपला अक्षांश. फरक असलाच तर एका अंशाहून कमी. लास पाल्मासला तो अठ्ठावीस अंशांवर होता. हात लांब करून मिटलेली मूठ डोळ्यांसमोर धरली, की साधारण दहा अंश झाकले जातात, त्यामुळे सुरुवातीला ध्रुव जवळजवळ तीन मुठींवर असे. पश्चिमेला जाता जाता आम्ही हळूहळू दक्षिणेलाही उतरत होतो आणि तारा उजव्या हाताला रोज किंचित खाली बसत होता. हिंदी महासागरात वावरणारे अरब नाखवे लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी यांचे 'कमाल' नावाचे साधन याच कामासाठी वापरत. ज्या बंदराला जायचे त्याच्या अक्षांशावर ध्रुव आला, की तीच उंची धरून पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचे. महासागराच्या मध्यावर, दोन्ही किनारे हजार मैलांहून दूर असताना, एका रात्री ध्रुव दोन मुठींच्या थोडा खाली आला. वहीत अक्षांश लिहिला, तो अठरा अंशांच्या जरा आत होता. हर्णैचा अक्षांश तोच. आमच्या घराच्या मागच्या अंगणातून ध्रुव याच उंचीवर दिसत असणार. लहानपणी मृग नक्षत्र आणि व्याध आजोबांनी दाखवले होते, ध्रुवही दाखवला होता, पण त्याच्या उंचीकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. मृग त्या वेळी डोक्यावर होता आणि डाव्या हाताला, दक्षिणेला, अगस्त्य.

रात्री चमकणाऱ्या पाण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी त्यावर थांबत नाही. आवाजांबद्दल मात्र कोणी पुरेसे लिहीत नाही. नौका डोलत असताना कपाटातली प्रत्येक वस्तू हलते. एका रात्री माझ्या उशापाशी दर चार सेकंदांनी 'टक्' असा आवाज येत होता. मी मसाल्याचे कपाट रिकामे केले, मोजे आणि टॉवेल कोंबले, डबे घट्ट केले, आवाज चालूच. आयरिश सुताराने उठून लाकडाला कान लावला, क्षणभर ऐकले, आणि एका पट्टीमागे घरंगळणारी पेन्सिल तारेने ओढून काढली. अख्ख्या प्रवासातली सर्वांत गाढ झोप मला त्यानंतर लागली.

जोराच्या सरी मागून येतात. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात दुपारनंतर ढग उंच होऊ लागतात आणि रात्री त्यांतले एखादे पावसासह नौकेच्या मागे लागते. आधी पूर्वेकडचे तारे क्षितिजापासून वर एकेक करून नाहीसे होतात, मग वारा क्षणभर पडतो आणि मानेला गार हवा लागते. असे दिसले, की स्किपरला उठवायचे आणि उठवताना संकोच करायचा नाही, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले होते. एका रात्री मी अशी हाक मारली आणि ती वर येईपर्यंत अठरा नॉटचा वारा तीस ओलांडून गेला होता. मुख्य शीड संध्याकाळीच आखडून ठेवलेले असल्यामुळे पुढच्या शिडापुरतेच काम उरले होते. मी विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चकरीवर, दोर गुंडाळून फिरवत होते, ती दुसरा दोर हळूहळू सोडत होती आणि शीड वीतवीत करत गुंडाळले जात होते. पाऊस इतका दाट होता, की होकायंत्राचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. वाऱ्याचा आकडा अडतीसवर गेलेला मी पाहिला. नौका लाटेच्या उतारावरून घसरताना सुकाणूचा दांडा थरथरत होता आणि स्किपर एका हाताने तो चाचपत, अगदी नेहमीच्या आवाजात, "आणखी थोडे, आणखी थोडे, पुरे," असे म्हणत होती. वीस-पंचवीस मिनिटांत सर पुढे निघून गेली. त्यानंतरचा तास अधिक वाईट होता: वारा पूर्ण पडलेला, लाट मात्र तशीच, आणि शिडे प्रत्येक डोलण्याला फटकन आपटत होती. स्किपरने केस पिळले, कोरडा टॉवेल मागितला आणि चहा टाकायला सांगितले.

सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले असत. मोठ्या माशांपासून पळताना ते पाण्याबाहेर झेपावतात आणि अंधारात नौकेवर येऊन आदळतात. बार्बाडोसमध्ये हा मासा राष्ट्रीय जेवणाचा भाग आहे, त्यामुळे तो खाण्यात गैर काही नाही, असे मी जाहीर केले. मीठ, हळद, तिखट आणि घरून आणलेले कोकमाचे आगळ लावून, रव्यात घोळवून तळला. शेगडी झोपाळ्यासारखी लटकलेली असते, म्हणून तवा सपाट राहतो आणि डोलतो तो स्वयंपाक करणारा. कमरेला पट्टा बांधून उभे राहावे लागते. काटे बारीक आणि फार, पण चव सुरेख.

गळाला लागलेल्या माही-माहीची आठवण इतकी सुखाची नाही. पाण्यात तो गडद निळा दिसला, वर काढला तेव्हा सोनेरी आणि हिरवा, अंगावर निळे ठिपके. सुताराने त्याच्या कल्ल्यात चमचाभर रम ओतली, मासा शांत झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत सोनेरी रंग अंगावरून शेपटीकडे ओसरत गेला, मग पुन्हा एकदा लाटेसारखा उमटला आणि अखेर राखाडी झाला. कोळ्यांच्या गावात वाढलेल्या मला मेलेल्या माशाचे काही वाटू नये. त्या दिवशी जेवताना मात्र कोणी फारसे बोलले नाही आणि त्यानंतर स्किपरने ठरवले, की आधीचा मासा पूर्ण संपल्याशिवाय गळ टाकायचा नाही. तसेही पुढच्या टप्प्यात गळाला माशांऐवजी सरगॅसमच येत होते. २०११ पासून उष्ण कटिबंधातल्या अटलांटिकमध्ये हे तरंगते तपकिरी शेवाळ अफाट प्रमाणात वाढते आहे. त्याचे लांबच लांब पट्टे वाऱ्याच्या दिशेने पसरलेले दिसत आणि स्वयंसुकाणूच्या पात्याला अडकलेले झुबके आम्ही हूक लावलेल्या काठीने दिवसातून कितीदा तरी काढत असू.

माणसांशी संबंध आला तो एकदाच. पहाऱ्यावर असताना आसपासची जहाजे दाखवणाऱ्या पडद्यावर एक मालवाहू जहाज दिसू लागले. दक्षिण अमेरिकेकडून युरोपला चाललेले, आणि त्याची वाट आमच्या वाटेच्या फारच जवळून जाणारी. मी व्हीएचएफ रेडिओवर नौकेचे नाव सांगून हाक दिली. ताबडतोब उत्तर आले: आम्ही तुम्हाला पाहतो आहोत, मार्ग थोडा उजवीकडे घेतो, दोन मैलांवरून जाऊ. इंग्रजीचा तो सूर ओळखीचा होता. बारा ते चार हा मोठ्या जहाजांवर सेकंड ऑफिसरचा पहारा असतो. त्यालाही माझ्या इंग्रजीवरून शंका आली असावी, कारण काम झाल्यावर त्याने विचारले, "मॅडम, इंडियन?" मी म्हटले, महाराष्ट्र. क्षणभर खरखर आणि मग स्वच्छ मराठीत, "अहो, शिडाच्या बोटीतून इथे कशाला आलात?"

"हौस म्हणून," मी म्हटले. "तुम्ही कुठले?"

"अलिबागकडचा. पगार मिळतो म्हणून आलोय." आम्ही दोघेही हसलो. त्याने पुढच्या दोन दिवसांच्या वाऱ्याचा अंदाज वाचून दाखवला, सांभाळून जा म्हणाला आणि चॅनेल सोळावर, म्हणजे सर्वांसाठीच्या हाकेच्या चॅनेलवर, परत गेला. जहाज उजव्या हाताने, दिव्यांची रांग लावून, अर्ध्या तासात दिसेनासे झाले. स्किपरने सकाळी वहीतली नोंद वाचली आणि "दोन मैल" या शब्दांखाली रेघ ओढली. जहाजाने आपला शब्द अचूक पाळला होता.

सेंट लुशियाचे डोंगर पहाटेच्या उजेडात दिसले, उजवीकडे दूर मार्टिनिकची अंधुक रेघ होती. बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून, पिजन आयलंडच्या आडोशाने आम्ही रॉडनी बेमध्ये शिरलो आणि लाटेचा तो एकसारखा हेलकावा एकाएकी थांबला. पिवळे निशाण चढवले. परदेशातून आलेल्या नौकेवरून कागदपत्रे होईपर्यंत स्किपरशिवाय कोणी उतरायचे नसते, त्यामुळे ती फाइल घेऊन गेली आणि आम्ही तिघे कॉकपिटमध्ये बसून धक्क्यावरच्या माणसांकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने पारपत्रे दाखवायला कस्टम्सच्या खिडकीसमोर उभी राहिले, तेव्हा फरशी डोलते आहे असे वाटून मी कठड्याला हात लावला, पलीकडच्या अधिकारीबाईंनी वर न पाहताच सांगितले, "उद्यापर्यंत थांबेल."

दुसऱ्या दिवशी सुताराने पाण्यात बुडी मारून पिछाडी पाहिली. शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला रंग जिथे संपतो, त्याच्या वरच्या पट्ट्यावर, प्रवासभर लाटेने भिजत राहिलेल्या जागी, गूज बार्नेकल या चिकटून वाढणाऱ्या समुद्रजीवाचे लांब देठाचे घोसच्या घोस वाढले होते. लास पाल्मासला ती जागा गुळगुळीत होती. प्लॅस्टिकचे खरवडणे घेऊन आम्ही दोघे दुपारपर्यंत ते खरवडत होतो, लहान मासे खाली जमून पडेल ते खात होते आणि वर डेकवर स्किपर प्रत्येक दोर ओढून काढून, झिजलेली टोके कापून, उरलेल्या लांबीचे माप वहीत लिहीत होती.